पांडा ठेवून घेणारी मुलगी

शाळकरी पोराचं अचानक जनावर होतं, ही गोष्ट हॉलिवूड कितीतरी वर्षं सांगत आलं आहे. १९५७ साली ‘आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ’ आला. त्यातला टोनी हा तापट विद्यार्थी. त्याला ताळ्यावर आणावं म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात आणि तोच डॉक्टर संमोहनाच्या जोरावर त्याच्यातलं जनावर जागं करतो. शाळेत घंटा वाजते, टोनीचा लांडगा होतो, व्यायामशाळेत कसरत करणाऱ्या एका मुलीचा जीव जातो. शेवटी पोलीस टोनीला गोळ्या घालतात. तो भयपट होता. १९८५ साली ‘टीन वुल्फ’मध्ये असाच एक पोरसवदा लांडगा बास्केटबॉल खेळायला उतरला आणि लोक पोट धरून हसले. २०२२ साली पिक्सारच्या ‘टर्निंग रेड’मध्ये टोरांटोतल्या तेरा वर्षांच्या मुलीचा भलामोठा लाल पांडा झाला. पहिल्या सिनेमात जनावर मारलं गेलं, दुसऱ्यात बाजूला ठेवलं गेलं, तिसऱ्यात त्या मुलीनं ते स्वतःजवळ ठेवून घेतलं.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आठवी आणि नववीचे वर्ग वर्षानुवर्षं माझ्याकडे आहेत. या तीन शेवटांपैकी मधला शेवट मला कायम योग्य वाटत आला. एखादा शिक्षक रजेवर असला आणि तास मोकळा मिळाला, की मी मुलांना ‘टीन वुल्फ’ची गोष्ट सांगायचे, ती त्या शेवटासाठीच. आज मला तसं वाटत नाही. हे मत नुसतं सिनेमापुरतं असतं तर लिहायला बसले नसते. त्या मापानं मी वर्गातल्या मुलामुलींना मोजत होते, म्हणून लिहिते आहे.

‘टीन वुल्फ’ मी शाळेत असताना पाहिला. गल्लीत एकाच्या घरी व्हिडिओ भाड्यानं आणायचे, सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि रात्रभर कॅसेटी बघायच्या, असा तो काळ. मायकेल जे. फॉक्स आम्हाला माहीत झाला तो ‘बॅक टू द फ्यूचर’मुळे. ‘टीन वुल्फ’चं चित्रीकरण खरं तर आधी झालं होतं, पण तो अमेरिकेत प्रदर्शित झाला नंतर. कथा साधी. स्कॉट हॉवर्ड हा नेब्रास्कातल्या लहान गावातला मुलगा, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, आई वारलेली, शाळेचा बास्केटबॉल संघ सतत हरणारा. एके दिवशी त्याच्या अंगावर केस उगवतात, नखं वाढतात, कान टोकदार होतात. घाबरलेल्या स्कॉटला पुढे कळतं, की लांडगा झाल्यावर आपण कुणालाही चेंडू न देता एकट्याच्या जोरावर सामने जिंकतो. शाळा त्याला डोक्यावर घेते. मित्र स्टाइल्स त्याच्या नावाचे टी-शर्ट विकायला काढतो. मग हळूहळू संघातली मुलं दूर जातात, नाचाच्या कार्यक्रमात त्याचा तोल सुटतो आणि शेवटच्या सामन्यात स्कॉट लांडगा न होता साध्या मुलासारखा मैदानात उतरतो. चेंडू सगळ्यांना देतो. वेळ संपल्यावरच्या फ्री थ्रोवर सामना जिंकला जातो.

हा शेवट मला आजही आवडतो. त्यातून मी जो अर्थ काढत होते, तो मात्र सोडला. मी मुलांना सांगायचे, ‘अंगात कितीही ताकद आली, राग आला, तरी तो आवरता आला पाहिजे. स्कॉटनं लांडगा सोडला, तेव्हा तो मोठा झाला.’ मोठं होणं म्हणजे आवरणं, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं, की दुसरा अर्थ असू शकतो असं सुचलंच नाही.

‘टर्निंग रेड’ मला भाचीनं दाखवला. ती तेव्हा आठवीत होती आणि सिनेमातली मेलीन ली, म्हणजे मेई, हीही आठवीतच. दिग्दर्शिका डोमी शी चीनमध्ये जन्मली, लहानपणीच कॅनडात गेली, टोरांटोत वाढली. तिच्या ‘बाओ’ या लघुपटाला ऑस्कर मिळालं होतं. पिक्सारचा पूर्ण लांबीचा सिनेमा एकटीनं दिग्दर्शित करणारी ती पहिली बाई. कथा २००२ सालच्या टोरांटोत घडते, चायनाटाउनमध्ये, जिथं मेईचं घराणं पूर्वजांचं देऊळ सांभाळतं. मेई अभ्यासात पहिली, शाळा सुटली की आईबरोबर देवळात झाडलोट करणारी. तिच्या मैत्रिणी मिरियम, प्रिया आणि ॲबी. चौघींना ‘फोर टाउन’ नावाच्या गायकांच्या गटानं वेड लावलेलं. प्रियाला आवाज दिला आहे तमिळ वंशाच्या मैत्रेयी रामकृष्णननं, हे भाचीनंच मला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

पहिल्यांदा बघताना मला सिनेमा खटकला. मेई आईशी खोटं बोलते. पांडा होऊन फोटोंचे पैसे घेते आणि त्यातून गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं काढायची असतात. मुख्य म्हणजे शेवटी, सगळ्या मावश्या आणि आजी विधीला जमलेल्या असताना, ती पांडा बंद करून घ्यायला नकार देते. मी भाचीला म्हटलं, ‘सगळं छान, पण शेवटी तिनं ऐकायला हवं होतं.’ ती म्हणाली, ‘का, मावशी?’ मी काहीतरी उत्तर दिलं. ते मलाच पटलं नाही, हे मला जाणवत होतं.

हा सिनेमा घरच्यांसोबत बघण्यासारखा नाही, असं म्हणणारी मी एकटी नव्हते. अमेरिकेतही बऱ्याच पालकांनी नाकं मुरडली, कारण त्यात पाळीचा उल्लेख आहे. मेई सकाळी उठते, आरशात बघते तर पांडा. ती न्हाणीघराचं दार लावून घेते. बाहेर आई, मिंग. तिचा अंदाज, की लेकीला पहिल्यांदा पाळी आली. मग ती पॅडची पाकिटं, वेदनाशामक गोळ्या, शेकायची पिशवी असं सगळं घेऊन धावत येते. दाराआड मेई घामाघूम, दाराबाहेर आई काळजीनं अर्धी. पुढे शाळेत हीच आई झाडामागे लपते आणि पहारेकऱ्याशी झटापट करत पॅडचं खोकं वर्गाच्या खिडकीसमोर धरते. वर्गभर मुलं बघताहेत. मी हा प्रसंग बघताना अवघडले. भाची खदखदून हसत होती.

नंतर कधीतरी लक्षात आलं, की ‘टीन वुल्फ’मध्येही अगदी असंच बंद दार आहे. स्कॉट न्हाणीघरात कोंडून घेतो, आरशात स्वतःचा चेहरा बदलताना बघतो, बाहेर वडील हॅरॉल्ड दार वाजवत राहतात. स्कॉट म्हणतो, जा, काही नाही. हॅरॉल्ड हलत नाही. शेवटी पोरगा दार उघडतो आणि समोर वडीलही लांडगा होऊन उभे असतात. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळी खोली हसली होती, मीही हसले होते. आता त्यात हसण्याच्या खालचं काहीतरी दिसतं. हॅरॉल्डला सगळं माहीत होतं. हे घराण्यात चालत आलेलं आहे, एखादी पिढी कधी सुटते, आपला मुलगा त्यातून सुटेल, अशी आशा धरून तो गप्प बसला होता. मिंगलाही माहीत होतं. तिला वाटलं होतं, अजून अवकाश आहे. दोन्ही घरांत मूल दार लावून एकटं घाबरत बसलं, कारण ज्याला ठाऊक होतं त्यानं आधी सांगितलं नव्हतं.

आमच्या घरी आजीच्या वेळी कावळा शिवायचा, आईच्या वेळी नुसतं ‘बाहेर बसायचं’ असायचं, आणि मला पहिल्या वेळी शाळेतून घरी पाठवलं तेव्हा आईनं हातात घडी केलेलं जुनं सुती कापड ठेवलं आणि म्हणाली, ‘कुणाला बोलू नकोस.’ तिची माया त्यात होती. दुपारभर तिनं मला आल्याचा चहा करून दिला, पोट शेकलं, अभ्यासाला बसवलं नाही. फक्त सांगितलं काही नाही. मिंगला बघताना मला ती दुपार आठवली. माया कमी नसते. बोलणं कमी असतं.

आता एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करायची आहे. ‘टीन वुल्फ’मध्ये शाळकरी मुलांची पार्टी आहे, बिअरचं पिंप आहे, ते मिळवायला स्कॉट दुकानदाराला लाल डोळे करून घाबरवतो. धावत्या गाडीच्या टपावर उभं राहून पोरं फिरतात. अमेरिकेत दोन्ही सिनेमांना प्रमाणपत्र एकाच प्रकारचं, पालकांनी सोबत असावं असं सुचवणारं. मी आठवीच्या वर्गात बिअरच्या पिंपाचा सिनेमा वर्षानुवर्षं निर्धास्तपणे सांगितला आणि पॅडच्या पाकिटाच्या सिनेमावर ‘घरच्यांसोबत नको’ असा शिक्का मारायला निघाले. घरच्यांसोबत बघण्यासारखा सिनेमा म्हणजे कुणालाच अवघडायला लावणार नाही असा, ही माझी समजूत होती. मराठीत रवी जाधवांच्या ‘बालक-पालक’नं २०१३ साली या समजुतीला धक्का दिला होता, तेव्हाही मी तो शाळेच्या बाहेरच ठेवला. आता वाटतं, घरात जे बोललं जात नाही ते सगळ्यांना एका सोफ्यावर बसवून, हसवत, बोलायला लावतो, तोच खरा घरच्यांचा सिनेमा. त्यासाठी अलौकिक काहीतरी लागतं, कारण पांड्याबद्दल बोलणं पाळीबद्दल बोलण्यापेक्षा सोपं जातं. रागाबद्दलही तेच.

आणि राग हाच या कथेचा गाभा आहे. मेईच्या घराण्यात सन यी नावाच्या पूर्वजेनं, पुरुष लढाईवर गेलेले असताना लेकींचं रक्षण करता यावं म्हणून, देवांकडे लाल पांडा होण्याचं वरदान मागितलं होतं. नव्या देशात आल्यावर तेच वरदान अडचण झालं. मग प्रत्येक मुलीचा पांडा तांबड्या चंद्राच्या रात्री विधी करून दागिन्यात बंद करायचा, ही रीत पडली. आजीच्या, मावश्यांच्या, मिंगच्या अंगावर ते दागिने आहेत. आजीच्या कपाळावर भुवईपाशी एक व्रण आहे. तरुणपणी मिंग आपल्या आईशी भांडली, तिच्यातला पांडा बाहेर आला आणि तिच्याकडून आईला ती जखम झाली. भांडण होतं जीनवरून, म्हणजे जो पुढे मेईचा बाप झाला त्याच्यावरून. एवढं सगळं एका दागिन्यात कोंडून मिंग आदर्श मुलगी झाली, आदर्श आई झाली.

माझं मत फिरलं ते पालकसभेत. आठवीच्या एका मुलीची आई आली होती. ती माझीच जुनी विद्यार्थिनी. पिशवीतून तिनं स्वतःचं प्रगतिपुस्तक काढलं. पिवळं पडलेलं, कोपरे कुरतडलेलं, आत माझ्या हस्ताक्षरातला शेरा: ‘शांत, समंजस, आज्ञाधारक’. म्हणाली, ‘बाई, हे मी जपून ठेवलंय. हिच्या पुस्तकात पण असंच लिहिता आलं पाहिजे तुम्हाला. ही फार उलट बोलते, वर्गात मैत्रिणींची बाजू घेऊन भांडते, घरी दार आपटते. जरा समजावा.’ मुलगी शेजारी उभी, नजर फरशीवर, हाताच्या मुठी आवळलेल्या. मी सवयीनं बोलायला लागणार होते. त्याऐवजी तिच्या आईला विचारलं, ‘तुला राग यायचा तेव्हा तू काय करायचीस गं?’ ती म्हणाली, ‘गिळायचे, बाई.’ आणि मग एकदम गप्प झाली. मुलीनं मान वर करून आईकडे बघितलं. आपली आई कधी रागावलेली असेल, हे तिच्या गावीही नसावं.

त्या रात्री मी ‘टर्निंग रेड’ पुन्हा लावला. यावेळी मेई जिथं सगळ्यात आज्ञाधारक असते, तिथं माझं लक्ष गेलं. टायलर नावाच्या मुलाच्या वाढदिवसाला ती पांडा होऊन जाते, तो तिच्या घराण्याबद्दल वाईट बोलतो, ती त्याच्यावर धावून जाते. तेवढ्यात मिंग येते आणि सगळा दोष मैत्रिणींवर ढकलते. मिरियम, प्रिया, ॲबी मेईकडे बघत राहतात. मेई काही बोलत नाही. आईसमोर उलट बोलायचं नाही, म्हणून ती आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणींना खोटं पडू देते. तिथं ती शांत आहे, समंजस आहे, आज्ञाधारक आहे. माझ्या शेऱ्यातले तिन्ही शब्द तिला त्या क्षणी लागू पडतात, आणि संपूर्ण सिनेमात तिनं केलेली ती सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

पुढचा भाग, मिंगचा दागिना फुटून ती इमारतीएवढा पांडा होते आणि स्कायडोम स्टेडियममध्ये शिरते तो, लहान मुलांना सर्वांत आवडतो. मला मात्र त्यानंतरचं बांबूचं वन फार मोलाचं वाटतं. मेईला तिथं एक मुलगी रडताना सापडते, तिच्याच वयाची, चष्मेवाली. ती मिंग असते. आईला दुखवलं, आईच्या मनासारखं होणं मला कधीच जमणार नाही, असं ती हुंदके देत सांगते. मेई तिचा हात धरते आणि दोघी चालायला लागतात. चालता चालता मिंग मोठी होत जाते. लेक आईला हाताला धरून तिच्या लहानपणातून बाहेर आणते, असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्याही शाळकरी विनोदी सिनेमात पाहिलेलं नाही. आणि ते घडतं मेईजवळ पांडा आहे म्हणून. तिनं तो विधीच्या वर्तुळात आधीच सोडून दिला असता, तर त्या रात्री आईपर्यंत पोचायला तिच्याकडे बळच उरलं नसतं. भाचीच्या ‘का, मावशी?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते यामुळे.

याच संदर्भात जीनचं पात्र विसरता येत नाही. हा बाप बहुतेक वेळ स्वयंपाकघरात असतो, फारसं बोलत नाही. विधीच्या आधी तो मेईला तिचाच व्हिडिओ दाखवतो, ज्यात ती पांडा होऊन मैत्रिणींबरोबर हसते आहे. माणसाच्या अनेक बाजू असतात, काही नीटनेटक्या नसतात, त्या ढकलून देण्यापेक्षा त्यांना जागा द्यावी, असं काहीसं तो सांगतो आणि निवड तिच्यावर सोडतो. शिक्षक म्हणून मला हेवा वाटावा असं बोलणं आहे ते.

मग ‘टीन वुल्फ’ही नव्यानं पाहिला. माझ्या सांगण्यात एवढी वर्षं एक गोष्ट गळत होती. स्कॉट लांडगा सोडत नाही. तो त्याच्यात आहेच, घराण्याचाच आहे. तो फक्त ठरवतो, की हा सामना मी माझ्या हातांनी आणि संघाबरोबर खेळेन. हॅरॉल्डही आयुष्यभर लांडगा आहे, दुकान चालवतो, मुलाला वाढवतो, गरज पडली तर उपमुख्याध्यापकावर गुरगुरतोही. मुलाला ‘कधी वापरायचा ते तू ठरव’ म्हणतात आणि मुलींना ‘बंद करून टाक’ म्हणतात, हा फरक दोन सिनेमे शेजारी ठेवल्यावर माझ्या डोळ्यांत भरला. आमच्या शाळेत वर्गात भांडलेल्या मुलाला ‘जरा दमानं घे’ म्हणतात. मुलीला ‘शोभतं का तुला?’ विचारतात. हे मीही विचारलेलं आहे.

‘टर्निंग रेड’मधलं सगळंच मला पटलेलं नाही. मेईनं आईला फसवून पैसे जमवले, त्याचा हिशेब सिनेमा फार लवकर मिटवतो. मैत्रिणी तिला किती पटकन माफ करतात, तेही मला सोपं वाटतं. तेराव्या वर्षीच्या मैत्रीत रुसवा जास्त दिवस टिकतो. पण या गोष्टींवर वर्गात मुलं आपणहून वाद घालतात, आणि तो वाद मला हवाच आहे. शेवटी मावश्या आणि आजी आपापले पांडे पुन्हा बंद करून घेतात, मेई त्यांना दोष देत नाही, हे मात्र मला मनापासून आवडलं. मिंगचा पांडा आता लेकीच्या खेळण्यात, तमागोचीमध्ये आहे आणि त्याला खायला घालायचं काम मिंगकडे आहे. तिनं तो बंद ठेवला, पण तो आहे हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या त्या जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीचं प्रगतिपुस्तक सत्राच्या शेवटी माझ्यासमोर आलं. मी लिहिलं: ‘प्रश्न विचारते. अन्याय दिसला की बोलते. आवाज चढतो तेव्हा मुद्दा सुटतो, तो धरून ठेवायला शिकते आहे.’ तिच्या आईनं सही केली. सिनेमाचं नावही तिनं माझ्याकडून लिहून घेतलं आणि विचारलं, ‘हिला एकटीला बघू देऊ का?’ मी सांगितलं, एकटीला नको, तू शेजारी बस. नवऱ्यालाही बसव. आणि पॅडचा प्रसंग आला की पाणी प्यायला उठू नकोस.